परसातला पूल: भिंत ५२ इंचांची, पण मोजणार कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यू जर्सीत गेल्या वर्षी घर घेतलं. २४ फूट व्यासाचा, ५२ इंच उंचीच्या पत्र्याच्या भिंतीचा गोल पोहायचा पूल सेलमध्ये मिळतोय. मुलं सहा आणि तीन वर्षांची. उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येणार आहेत. शेजारी म्हणतो, जमिनीवर ठेवायच्या पूलला परमिट लागत नाही. यार्डला तीन बाजूंनी चार फुटी कुंपण आहे, डेकवर एक प्लगपॉइंट आहे. नवरा आणि त्याचा मित्र म्हणतात, एका वीकेंडला उभा करतो. चालेल का?

पूल चालेल, वीकेंड चालणार नाही. मी २१ वर्षं एका टाउनशिपमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, बांधकाम आणि वीजकाम तपासतोय, त्याआधी स्वतः इलेक्ट्रिशियन होतो. या इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा मी कशावर ‘नापास’ लिहिलं असेल तर ते पूलवर. (पूलवर म्हणतोय, पुलावर नव्हे. पुलाचं खातं वेगळं.) बहुतेकांची चूक एकच असते: पूल आधी विकत घेतात आणि जागा नंतर मोजतात. खोका गॅरेजमध्ये येऊन पडला की माणूस नियम वाचत नाही, वाट शोधतो.

शेजाऱ्याचं अगदीच चूक नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यं ज्या आदर्श निवासी नियमावलीवरून आपले नियम बेततात, तिच्यात २४ इंचांपेक्षा कमी खोलीच्या तयार पूलला बांधकाम परमिटातून सूट आहे. म्हणजे मुलांचा डुंबायचा टब. तुमच्या भिंतीच्या आत ४८ इंच पाणी उभं राहणार, त्याला ती सूट लागू नाही. हवा भरून फुगवायचे ३० इंची पूलसुद्धा या रेषेच्या वर जातात, आणि ते विकणारा दुकानदार हे सांगत नाही. जमिनीत खणलेला की जमिनीवर ठेवलेला, हा फरक परमिटाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच. पाणी किती खोल आहे, एवढंच विचारलं जातं.

इथे न्यू जर्सीत परवानग्या दोन लागतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली झोनिंगची: पूल कुठे बसणार. दुसरी बांधकामाची: तो कसा बसणार, आणि तिच्या पोटात वीजकामाचा वेगळा अर्ज असतो. झोनिंगवाल्यांनी १० कामाच्या दिवसांत आणि बांधकाम कार्यालयाने २० कामाच्या दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, असं न्यू जर्सीत कायद्याने ठरलेलं आहे. पण ते दिवस अर्ज पूर्ण असेल तर मोजायचे. अर्धवट अर्ज परत येतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. मे महिन्यात अर्ज टाकून जूनमध्ये पोहायची स्वप्नं बघणारे दरवर्षी भेटतात. तुम्ही मार्चमध्येच सुरुवात करा.

सुरुवात म्हणजे घर घेताना मिळालेला जागेचा सर्व्हे नकाशा बाहेर काढा. तो क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होतानाच्या, कागदांत असतो, बहुतेकांना सापडत नाही. त्याच्या प्रमाणात २४ फुटांचा गोल पुठ्ठ्यातून कापा आणि नकाशावर सरकवून बघा. हद्दीपासून किती अंतर सोडायचं ते तुमच्या टाउनशिपच्या नियमांत असतं, गावोगाव वेगळं. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर दोन रस्ते म्हणजे दोन दर्शनी बाजू, आणि ‘मागचं यार्ड’ म्हणून समजलेली जागा कागदावर मागची नसतेच. नकाशावर तुटक रेषांनी दाखवलेली पट्टी दिसली तर ते इझमेंट, म्हणजे वीज, गॅस किंवा सांडपाण्यासाठी राखलेली वाट. तिथे पूल नाही म्हणजे नाही. काही टाउनशिप प्लॉटचा किती भाग झाकला गेलाय याचा हिशेब करताना पूल आणि भोवतालची फरशीही धरतात, ते अर्जाआधी विचारून घ्या. घराला सेप्टिक टँक असेल तर टाकी आणि तिची शोषवाहिनी कुठे आहे ते आधी शोधा. त्यावर पूल ठेवणं म्हणजे दोन्ही गमावणं.

मग मान वर करा. खांबावरून घराकडे येणारी विजेची तार पूलच्या वरून किंवा जवळून जाते का? पाण्याच्या पातळीपासून त्या तारेपर्यंत साडेबावीस फूट मोकळे हवेत, कुठल्याही दिशेने मोजले तरी. का, असं वाटेल. पूल साफ करायची ॲल्युमिनियमची लांब दांडी हातात घ्या, ओल्या हाताने उभी धरा, आणि वर बघा.

खणायला लागण्यापूर्वी ८११ या नंबरवर फोन. तो फुकट आहे, देशभर एकच आहे, आणि न्यू जर्सीत खणण्याआधी किमान तीन पूर्ण कामकाजाचे दिवस करावा लागतो. ते येऊन गवतावर रंग मारून जातात: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, केशरी फोन-केबल. ‘आम्ही खणणारच नाही, वरच ठेवणार आहोत’ असं तुमचे यजमान म्हणतील. खणावं लागतंच. का ते आता सांगतो, कारण खरं दुखणं तिथेच आहे.

२४ फुटी गोलात चार फूट पाणी म्हणजे साधारण साडेतेरा हजार गॅलन, वजन सुमारे एक लाख तेरा हजार पौंड, म्हणजे ५१ टन. दर चौरस फुटावर २५० पौंड. घराचा लाकडी डेक साधारणतः चौरस फुटाला ४० पौंड पेलेल या हिशेबाने बांधलेला असतो. तेव्हा डेकवर पूल ठेवायचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. आणि जमीन सपाट नसेल तर हे ५१ टन उताराच्या बाजूला रेलतात. पातळीतला फरक संपूर्ण व्यासात एका इंचाच्या आत हवा, कमी असेल तितकं बरं. आता सपाट करायचं तर दोन मार्ग दिसतात: सखल बाजूला माती भरा, किंवा उंच बाजू खणा. भरलेली माती पहिल्याच पावसाळी आठवड्यात दबते आणि भिंतीच्या शिवणी ताणल्या जातात. म्हणून नेहमी उंच बाजू खणायची.

आणि इथे तुमची ५२ इंचांची भिंत ५२ इंचांची राहत नाही.

समजा तुमच्या यार्डला २४ फुटांत ९ इंच उतार आहे. डोळ्यांना तो दिसणारही नाही. तुम्ही उंच बाजू ९ इंच खणली, तळ सपाट केला, भिंत उभी केली. सखल बाजूने ती ५२ इंच. उंच बाजूने बाहेरच्या गवतावर उभं राहून मोजली तर ४३. नियम काय म्हणतो? पूलची स्वतःची भिंत कुंपण म्हणून चालते, पण ती बाहेरच्या बाजूने, सगळीकडून, किमान ४८ इंच हवी. आणि भिंतीच्या बाहेर तीन फुटांच्या पट्ट्यात जमीन उंचावली असेल तर ती उंच जमीनच धरायची. मी टेप घेऊन गोल फिरतो, आणि त्या एका चतकोर भागात लोकांचा उन्हाळा अडकतो. भिंत पाच इंचांनी कमी पडली, आणि आत पाणी भरून झालेलं. तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने बघा: ४३ इंच म्हणजे त्याच्या डोक्याच्या जरा वर. हात वर केले की कठडा मुठीत येतो.

यावर उपाय तीन आहेत. भिंतीपासून तीन फुटांपेक्षा थोडा रुंद पट्टा त्याच पातळीला खणायचा आणि त्याच्या पलीकडे बुटकी भिंत घालून माती धरायची. माझ्या मते हा सर्वांत चांगला, पण घाम काढणारा. दुसरा, पूलच्या कठड्यावर बसवायचं जाळीदार कुंपण घ्यायचं, त्याच कंपनीच्या पूलसाठी बनवलेलं. कठडा आणि कुंपणाची खालची पट्टी यांत चार इंचांहून जास्त फट नको. तिसरा, पूलची भिंत सोडून द्यायची आणि पूर्ण यार्डचं कुंपण हेच कुंपण म्हणून मंजूर करून घ्यायचं.

तिसरा तुम्हाला सोपा वाटेल, कारण चार फुटी कुंपण आधीच आहे. पण ते तीन बाजूंनी आहे, चौथी बाजू तुमचं घर. म्हणजे स्वयंपाकघराचा सरकता दरवाजा हाच कुंपणातला गेट झाला. मग यार्डकडे उघडणाऱ्या प्रत्येक दाराला अलार्म लागतो, जो दार उघडताक्षणी वाजेल, आणि त्याचं बंद करायचं बटण उंबऱ्यापासून ५४ इंचांवर हवं, मुलाच्या हाताबाहेर. कमी उंचीच्या, उघडणाऱ्या खिडक्याही त्यात येतात. शिवाय तुमचं कुंपण चार फुटीच आहे का, हेही बाहेरून मोजा. पंधरा वर्षं पानं कुजून माती साठली की ४८ चे ४५ होतात. आडव्या पट्ट्या कोणत्या बाजूला आहेत तेही बघा. त्या बाहेरच्या बाजूला असतील तर कुंपण कुठलं, ती शिडीच. शेजाऱ्याने त्याच्या बाजूला लाकडाची मोळी रचली असेल तरी तोच प्रश्न.

उभ्या पट्ट्यांतली फट चार इंचांहून कमी हवी. माझ्या गाडीत चार इंच व्यासाचा एक लाकडी चेंडू असतो. तो मी कुंपणातून, शिडीच्या पायऱ्यांतून, डेकच्या कठड्यातून ढकलून बघतो. आरपार गेला तर नापास. मुलाचं डोकं अडकण्याचा किंवा अंग निसटण्याचा प्रश्न त्या चेंडूवर सुटतो, त्यात वाद घालायला जागा नसते. कुंपणाच्या तळाशी गवत असेल तर दोन इंचांहून जास्त फट नको, काँक्रीट असेल तर चार चालते, कारण काँक्रीट उकरता येत नाही.

गेटबद्दल एवढंच: तो पूलपासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडावा, आपोआप बंद व्हावा, आणि आपोआप खिटी पडावी. सगळे मला गेट सताड उघडून, सोडून, ‘धाड’ करून दाखवतात. मी तो फक्त तीन इंच उघडतो आणि सोडतो. बहुतेक गेट तिथे थांबतात. नळ चालू ठेवून धावत आत गेलेला माणूस गेट तीन इंचच उघडा ठेवतो. खिटी जमिनीपासून ५४ इंचांवर हवी. त्यापेक्षा खाली असेल तर ती आतल्या बाजूला, गेटच्या वरच्या कडेपासून किमान तीन इंच खाली, आणि भोवती १८ इंचांत बोट जाईल अशी अर्ध्या इंचाहून मोठी फट नको.

शिडी. भिंत कितीही उंच असली तरी शिडी लावून ठेवली की ती शून्य. म्हणून पूलसोबत येणारी इंग्रजी ‘ए’च्या आकाराची शिडी तुम्ही वापरात नसताना उचलून नेली पाहिजे, किंवा तिच्या बाहेरच्या पायऱ्या वर उचलून कुलूप लावता आलं पाहिजे. कुलपाची किल्ली शिडीलाच दोरीने बांधलेली मी पाहिली आहे. एका घरी शिडी काढून ठेवली होती, कुठे, तर पूलच्या भिंतीला टेकवून. पंप आणि फिल्टरचंही तेच. माणसं तो सोयीसाठी भिंतीला चिकटवून ठेवतात आणि मुलाला अगदी गुडघ्याएवढी पायरी मिळते. भिंतीपासून तीन फूट लांब ठेवा. एसीचं बाहेरचं खोकं, ग्रिल, पूलची खेळणी भरायची पेटी, उलटी केलेली कुंडी, सगळं तीन फुटांच्या पलीकडे.

ही पायरीची गोष्ट काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलीग्रुप या कंपन्यांचे ४८ इंच किंवा जास्त उंचीचे सुमारे ५० लाख पूल परत बोलावणीत घेतले. २००२ पासून विकलेले. त्यांत पूलभोवती एक पट्टा उभ्या पायांच्या बाहेरून जातो, आणि त्या पट्ट्यावर मूल पाय ठेवून वर चढू शकतं. २००७ ते २०२२ या काळात २२ महिने ते तीन वर्षं वयाची नऊ मुलं अशी बुडाल्याचं आयोगाचं म्हणणं. तुमचा पूल पत्र्याच्या भिंतीचा आहे, त्याला असा पट्टा नसेल. पण ‘तोवर स्वस्तातला सेकंडहँड फ्रेमवाला घेऊ’ असा विचार झालाच, तर आधी पट्टा कुठून जातो ते बघा. कंपनी त्याऐवजी बसवायचा दोर फुकट देते.

आता वीज. तुमच्या डेकवरच्या प्लगपॉइंटची बाब तुम्ही एका ओळीत लिहिली आहे, मला मात्र झोप उडवणारी तीच ओळ आहे.

पूलच्या आतल्या कडेपासून सहा फुटांच्या आत प्लगपॉइंट नको, आणि सहा ते वीस फुटांच्या पट्ट्यात किमान एक असायलाच हवा. वीस फुटांच्या आतले सगळे जीएफसीआय संरक्षणाचे. जीएफसीआय म्हणजे गळती झाली की क्षणात तुटणारं यंत्र. त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. पंप यातल्याच एका पॉइंटवर, एक्स्टेंशन कॉर्डने कधीही नाही. एक्स्टेंशन का लागते? कारण लोक प्लग जवळ नको म्हणून ऐकतात आणि पंप तिथेच ठेवतात. त्यापेक्षा पॅनेलपासून नवीन सर्किट ओढा. प्लॅस्टिक पाइपातून नेली तर १८ इंच खोल, आत तांब्याची, इन्सुलेशन असलेली स्वतंत्र अर्थिंगची तार, १२ नंबरपेक्षा बारीक नको.

पण प्लग आणि जीएफसीआय ऐकलेले असतात. बाँडिंग कोणी ऐकलेलं नसतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाईंचा फोन आला, पूलमध्ये पाय टाकला की झिणझिण्या येतात. नवऱ्याला येत नाहीत, कारण तो चपला घालून कठड्यावरून सूर मारतो (तेही करायचं नाही, पुढे सांगतो). मी गेलो. पूल बिनपरमिटचा, पंप नारिंगी एक्स्टेंशनवर. मीटरचं एक टोक पाण्यात, दुसरं ओल्या गवतात रोवलेल्या स्क्रूड्रायव्हरला लावलं: तीन व्होल्टच्या आसपास. पंप काढला, आकडा तोच. घराचा मेन स्विच पाडला, तरी तोच. नवरा म्हणाला, आता तर वीजच नाही. होती. ती त्यांच्या घरातून येत नव्हती, बाहेरच्या वीजवाहिनीच्या न्यूट्रलमधून जमिनीत उतरत होती. अशी थोडीफार सगळीकडेच असते. कोरड्या माणसाला कळत नाही. ओल्या, अनवाणी, अर्धा पाण्यात असलेल्या माणसाला कळते, कारण पाणी विजेच्या एका दाबाला (व्होल्टेजला) आणि पायाखालची जमीन दुसऱ्या दाबाला, आणि मधे तो. तीन व्होल्टला झिणझिण्या. दोष वाढला तर स्नायू आखडतात, आणि पाण्यात आखडलेला माणूस बुडतो.

अर्थिंगने हे जात नाही. अर्थिंगचं काम बिघाड झाला की ब्रेकर पाडणं. बाँडिंगचं काम निराळं: पाणी, पत्र्याची भिंत, शिडी, पंपाची मोटर आणि पायाखालची जमीन, सगळं एकाच तांब्याच्या तारेने बांधून एका दाबाला आणणं. दाबात फरक नसेल तर अंगातून प्रवाह जात नाही. तारेवर बसलेला कावळा मरत नाही, तेच तत्त्व. त्या घरी तार टाकल्यावर आम्ही पुन्हा मोजलं, मीटर जवळपास शून्यावर.

तुमचा पूल ४२ इंचांहून जास्त पाणी धरतो आणि मोसम संपला की उचलून ठेवायचा प्रकार नाही, त्यामुळे तो वीजनियमांत कायमस्वरूपी गणला जाईल. म्हणजे पूर्ण बाँडिंग: ८ नंबरची भरीव, उघडी तांब्याची तार, पूलच्या आतल्या भिंतीपासून १८ ते २४ इंचांवर, जमिनीखाली चार ते सहा इंच, पूलभोवती पूर्ण फेरा. गुंडाळलेल्या बारीक तारांची दोरी नको, एकसंध तार हवी. तिथून भिंतीच्या धातूला सम अंतरावर चार ठिकाणी जोड, पंपाच्या मोटरवर त्यासाठीच दिलेल्या स्क्रूला जोड, धातूची शिडी असेल तर तिला. जोडायचे क्लॅम्प जमिनीत पुरायला चालणारे असावेत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा क्लॅम्प दोन हिवाळ्यांत हिरवा होऊन गळतो. आणि पाणीसुद्धा जोडावं लागतं. तुमच्या पत्र्याच्या भिंतीवर आतून प्लॅस्टिकचा लायनर आहे, म्हणजे पाणी धातूला शिवतच नाही. म्हणून स्किमरमध्ये (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या पेटीत) किंवा पाइपात किमान नऊ चौरस इंच धातू पाण्यात राहील असा तुकडा बसवायचा आणि त्याला तीच तार. हा तुकडा दहातल्या सात जणांकडून राहतो. खोक्यात येत नाही ना.

ही तार मातीत पुरण्याआधी मला किंवा माझ्यासारख्या कुणाला दाखवायची. चर उघडा ठेवा. झाकला असेल तर उकरायला सांगतात, आणि आम्हाला त्यात आनंद नसतो. न्यू जर्सीत इन्स्पेक्शनची मागणी किमान २४ तास आधी करायची, आणि तीन कामाच्या दिवसांत माणूस यायला हवा. तेव्हा क्रम असा बसतो: खणणं आणि तळ, भिंत, चर आणि तारा, तपासणी, मग माती. पाणी अर्धं भरून ठेवलं तरी कुंपण किंवा कठड्याची तपासणी होईपर्यंत ‘तात्पुरतं’ काही नसतं. दोन फूट पाणी म्हणजे पूल. एक बारीक गोष्ट भरतानाची: पाइपाचं तोंड पाण्यात बुडवून ठेवू नका. नगरपालिकेच्या पाण्याचा दाब अचानक पडला तर पूलचं पाणी घराच्या नळात ओढलं जातं. बाहेरच्या नळाला उलट प्रवाह अडवणारा छोटा वॉल्व्ह असतो, तो आहे ना बघा.

काम कोणी करायचं? स्वतःच्या, स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरात वीजकाम स्वतः करायची न्यू जर्सीत मुभा आहे, परमिट काढून. खणणं, वाळू, भिंत यजमान आणि मित्र करू देत. वीज मात्र लायसन्सवाल्याला द्या. हे मी धंदेवाईक म्हणून सांगत नाही, आता माझा तो धंदाही नाही. चार इंच मातीखाली काय आहे ते नंतर कोणी बघत नाही, म्हणून.

इतर राज्यांतले वाचक हे वाचून आकडे जसेच्या तसे उचलतील, तर थांबा. न्यू यॉर्कमध्ये १४ डिसेंबर २००६ नंतर बसवलेल्या पूलला पाण्यात कोणी पडलं की वाजणारा अलार्म सक्तीचा आहे. कॅलिफोर्नियात २०१८ पासून नवीन पूलला सात सुरक्षा साधनांपैकी किमान दोन लागतात. फ्लोरिडाचा स्वतंत्र कायदा २००० सालचा. वर दिलेले कुंपणाचे आकडे आदर्श नियमावलीतले, तुमचं गाव त्यात भर घालू शकतं, आणि घालतंच. होमओनर्स असोसिएशन असेल तर तिची परवानगी वेगळी. काही ठिकाणी जमिनीवरचे पूल सरसकट बंद असतात, आणि टाउनशिपचं परमिट दाखवून तिथे उपयोग होत नाही. विमा कंपनीला फोन करून पूलची नोंद करा. न सांगता लावला आणि शेजारचं मूल आत पडलं तर तुम्ही बोलावलं नव्हतं हा बचाव चालत नाही. मुलांना ओढ लागेल अशी वस्तू उघडी ठेवली, एवढा दोष कोर्टात पुरतो.

सूर मारणं बंद. चार फूट पाण्यात मान मोडते, आणि पूल बनवणाऱ्यांचे इशाऱ्याचे स्टिकर त्यासाठीच येतात. ते लोक सोलून टाकतात, दिसायला वाईट म्हणून. लावा. क्लोरीनच्या गोळ्या आणि दाणेदार क्लोरीन एकाच डब्यात, एकाच चमच्याने कधीही नाही. ट्रायक्लोर (गोळ्या) आणि कॅल-हायपो (दाणे) मिसळले की आग लागते, स्फोटही होतो. रसायन पाण्यात टाकायचं, पाणी रसायनात नाही.

आणि आई-बाबा. हे नियमांत कुठे नाही. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं आहे, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. आपल्याकडे नदीत पडलेला माणूस हात हलवून हाका मारतो असं चित्र डोक्यात असतं. लहान मूल नुसतं खाली जातं, आवाज न करता, मिनिटाभरात. तुम्ही दोघं कामावर, आजोबा वर्तमानपत्र घेऊन डेकवर, ‘आजी आहे ना, लक्ष आहे’ या भरवशावर नातू अंगणात: असं दृश्य मी पाहिलंय. आजीला पोहता येत नव्हतं, आणि येत असतं तरी नऊवारीत ५२ इंचांची भिंत ओलांडून आत उतरणार कशी? ते आले की पहिल्या दिवशी शिडीचं कुलूप त्यांना स्वतः उघडायला आणि लावायला लावा. किल्ली घरात एका ठरलेल्या, उंच खिळ्याला. पूल वापरात नसताना पाण्यावर बदक, चेंडू काही तरंगत ठेवू नका, मूल त्यासाठीच चढतं. आणि मुलं पाण्यात असतील तेव्हा एकच मोठा माणूस, फोनशिवाय, पाणी बघायला. पाळी पाळीने. सगळे बघतायत म्हणजे कोणीच बघत नाही. तुम्ही दोघांनी सीपीआरचा एक वर्ग करून ठेवा. रेड क्रॉसचे असतात, अर्ध्या दिवसात होतो.

सेलबद्दल: तो सेल पुढच्या महिन्यातही असतो. आधी पुठ्ठ्याचा गोल, मग यार्डात दोरी आणि साधी लेव्हल लावून उतार किती इंच आहे ते मोजा. चार इंचांच्या आत असेल तर ५२ इंची भिंत ठीक, मोजताना तीन फुटांच्या पट्ट्यासाठी थोडी जागा ठेवून. नऊ असेल तर ५४ इंचीही पुरणार नाही, वर सांगितलेल्या तिन्हींतलं काहीतरी किमतीत धरा. मग झोनिंग, मग परमिट, मग खोका.

शेवटची तपासणी पास झाली की टाउनशिप सर्टिफिकेट ऑफ अप्रूव्हल देतं. तो कागद न घेता लोक परमिट उघडंच सोडून देतात, कारण पोहायला तर लागलेच. दहा वर्षांनी घर विकायला काढलं की टायटल, म्हणजे मालकीचे कागद, तपासणारा ते उघडं परमिट शोधून काढतो, पूल तोवर काढून टाकलेला असतो, आणि तुम्ही मला फोन करून विचारता की नसलेल्या पूलची तपासणी कशी करायची.